वाशी ते ठाणे: टेम्पोंच्या श्रेणीबद्ध नियोजनाला उत्क्रांती अल्गोरिदम लावताना

वाशीच्या एपीएमसीतल्या भाजीपाला मार्केटमधून मध्यरात्रीनंतर माल उचलायचा, चार छोट्या हत्तींत भरायचा आणि कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, कळवा, नौपाडा, वर्तकनगर, मानपाडा ते थेट कासारवडवली अशा पट्ट्यात पसरलेल्या २४ दुकानांत सकाळी शटर वर जायच्या आत पोचवायचा, एवढाच प्रश्न. तो नुसता रूटिंगचा, म्हणजे कोणती गाडी कोणत्या वाटेने न्यायची याचा, म्हणूनही मांडता येतो. पण हमालांची टोळी कधी लावायची, क्रेट कोणत्या क्रमाने रचायचे, माजिवड्याच्या गाळ्यात माल सुटा करून पुढे पाठवायचा की सरळ दुकानात न्यायचा, असे निर्णय त्यात शिरले की रूटिंगचं गणित ताणावं लागतं. तिथे श्रेणीबद्ध नियोजन, म्हणजे एचटीएन (हायरार्किकल टास्क नेटवर्क), सोयीचं पडतं.

एचटीएनमध्ये मोठं काम आधी सांगायचं: 'हे दुकान भागव'. ते काम कसकसं फोडता येईल याच्या पाककृती म्हणजे मेथड. फोडत फोडत खाली गेलं की 'चढव', 'जा', 'उतरव' असे थेट करता येणारे ऑपरेटर उरतात. कल्पना जुनी आहे. अर्ल सॅसरडोटींचा 'नोआ' हा प्लॅनर, म्हणजे योजना आखणारा प्रोग्रॅम, १९७५चा. १९९९ साली मेरीलँड विद्यापीठातून 'शॉप' आला आणि त्याच वळणाचा, पायथनमध्ये लिहिलेला छोटेखानी 'पायहॉप' २०१३ साली. आम्ही पायहॉपवरच काम सुरू केलं, कारण त्याचा कोड दोन कप चहात वाचून होतो आणि हवा तिथे कापता-जोडता येतो. प्लॅनरांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतले प्लॅनर वापरायचे असतील तर एचडीडीएल या २०२०च्या भाषेत डोमेन, म्हणजे कामं, मेथड आणि ऑपरेटर यांचं वर्णन, लिहावं लागतं. त्या प्लॅनरच्या पोटात हात घालणं अवघड, आणि इथे तर तेच करायचं होतं.

पायहॉप मेथड ज्या क्रमाने लिहिल्या त्या क्रमाने लावून बघतो. जी पहिली लागू पडली आणि शेवटपर्यंत गेली, ती योजना. म्हणजे मिळालेली योजना चालणारी असते, चांगली असेलच असं नाही. दुकानागणिक तीन मेथड होत्या: सरळ फेरी, शेजारच्या दुकानांबरोबर जोडफेरी आणि माजिवड्यामार्गे. २४ दुकानांसाठी नुसत्या मेथड निवडायच्या म्हटल्या तरी ३चा २४वा घात होतो: २८,२४२ कोटींहून जास्त प्रकार. गाडी आणि क्रम अजून धरलेलाच नाही. उत्क्रांती अल्गोरिदमची गरज इथे पडते: उत्तरांचा एक जथा (पॉप्युलेशन) घ्यायचा, चांगल्या उत्तरांचा संकर आणि अधूनमधून यादृच्छिक बदल (म्युटेशन) करत पिढ्यानपिढ्या तो सुधारत न्यायचा. एका उत्तराची नोंद म्हणजे गुणसूत्र, त्यातला एकेक घटक म्हणजे जनुक. सहाच दुकानं असती तर ३चा ६वा घात ७२९. एवढे सगळे चालवून बघावेत आणि घरी जावं. पुष्कळ ठिकाणी ही साधी मोजणी न करताच जनुकं-पिढ्यांचा घाट घातला जातो.

मूळ प्रश्न असा, की उत्क्रांत नेमकं काय करायचं? सगळ्यांना पहिल्यांदा जे सुचतं ते म्हणजे योजनाच: ऑपरेटरांची ओळ हेच गुणसूत्र, दोन ओळी मधून तोडायच्या आणि अदलाबदल करून जोडायच्या. ते चालत नाही. एका ओळीत चढवलेला माल दुसऱ्या ओळीत उतरवला जातो, गाडी ऐरोलीत असताना 'कळव्याहून निघ' अशी पायरी येते, आणि पहिल्या पिढीपासून जवळजवळ सगळी संतती बाद निघते. मग नियमभंगाला दंड लावायचा मोह होतो. दंड लावला की पॉप्युलेशन काही पिढ्यांतच शहाणी होते आणि योजना लहान लहान करत रिकामी करून टाकते, कारण रिकाम्या योजनेत एकही नियम मोडत नाही. दुकानं भागली नाहीत म्हणून वेगळा दंड लावला, की दोन दंडांच्या वजनांची रस्सीखेच सुरू होते. त्यातून एचटीएनची स्वतःची एक अट आहे: योजना नुसती चालून उपयोग नाही, ती वरच्या कामांच्या फोडीतून निघालेली असली पाहिजे. समोर ठेवलेली ओळ तशी आहे का, हे तपासणंच सर्वसाधारण एचटीएनमध्ये एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे प्रश्न मोठा झाला तरी झटपट उत्तर देईल अशी पद्धत माहीत नाही. प्रत्येक संततीसाठी ही तपासणी परवडत नाही.

म्हणून योजना कायदेशीर ठेवायचं काम प्लॅनरकडेच राहू दिलं आणि उत्क्रांतीच्या हातात फक्त आवडनिवड दिली. गुणसूत्र सांगतं, 'अनेक वाटा असतील तिथे ही आधी बघ'. प्लॅनर ते ऐकून फोड करतो आणि निघालेल्या योजनेवरून गुण ठरतात.

यातही एक सोपी दिसणारी वाट फसवते. ०पासून २५५पर्यंतच्या आकड्यांची एक रांग घ्यायची आणि प्लॅनरला निर्णय घ्यायची वेळ आली की रांगेतला पुढचा आकडा उचलून उपलब्ध मेथडच्या संख्येने भागायचा. उरेल ती बाकी म्हणजे निवड. लिहायला वीस ओळी. आकड्यांची व्याप्ती मात्र मोठी हवी. ०पासून ९पर्यंतच आकडे घेऊन चारने भागलं, तर बाकी ० आणि १ प्रत्येकी तीनदा येतात, २ आणि ३ दोनदाच. पहिल्या दोन मेथडना फुकट झुकतं माप मिळतं. पण खरा घोटाळा वेगळाच आहे. रांगेतल्या तिसऱ्या आकड्याचा अर्थ पहिल्या दोन आकड्यांनी काय केलं यावर ठरतो. पहिल्या दुकानाला सरळ फेरीऐवजी जोडफेरी मिळाली की मधले दोन निर्णय नाहीसे होतात आणि मागचे सगळे आकडे दोन घरं पुढे सरकतात. काल 'मानपाड्याला गाडी २' असा अर्थ असलेला आकडा आज 'वर्तकनगरला माजिवड्यामार्गे' म्हणू लागतो. एका जनुकाच्या म्युटेशनने अर्धी योजना ढवळून निघते, संकरात आईबापांचे गुण उतरतच नाहीत. आलेख खाली येताना दिसतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. त्याच्याशेजारी निव्वळ यादृच्छिक शोधाचा आलेख काढला की दोन्ही एकावर एक बसतात.

यावर उपाय म्हणजे जनुकाला रांगेतली जागा न देता नाव द्यायचं. 'मानपाडा दुकान, जोडफेरी' या जोडीला ० ते १मधला एक अपूर्णांक. 'मानपाडा दुकान, गाडी ३' याला दुसरा. प्लॅनर निर्णयाशी आला की त्या क्षणी लागू असलेल्या पर्यायांचे अपूर्णांक बघतो, मोठा आधी. पर्याय दोन असोत की चार, निर्णय लवकर येवो की उशिरा, जनुकाचा अर्थ बदलत नाही. जेम्स बीन यांनी १९९४ साली क्रमवारीच्या प्रश्नांसाठी 'रँडम की' मांडली, तीच ही युक्ती, फक्त फोडीच्या झाडावर टांगलेली. आमचा हिशेब: दुकानागणिक ३ मेथड, ४ गाड्या आणि क्रमासाठी १, म्हणजे ८, २४ दुकानांचे १९२ अपूर्णांक. लांबी ठरलेली, त्यामुळे संकर कसाही करा, संतती वैधच.

संकर मात्र कसाही करून भागलं नाही. प्रत्येक अपूर्णांक स्वतंत्रपणे आईकडून किंवा बापाकडून घेतला, तर एकाची जोडफेरी आणि दुसऱ्याची गाडी एकत्र येतात. जोडफेरी आहे पण शेजारची दुकानं दुसऱ्याच गाडीत, अशी अवस्था होते. म्हणून दुकानाचे आठही अपूर्णांक एका गठ्ठ्याने हलवले. पुढे तीनातल्या एका संकरात अख्ख्या पट्ट्याचा, म्हणजे कोपरखैरणे-घणसोली किंवा मानपाडा-कासारवडवली असा गठ्ठा हलवायचं ठरवलं. सुधारणा पाहिजे असेल तर पॉप्युलेशन वाढवण्याआधी ही गठ्ठेबांधणी करावी. बाकीचे आकडे सर्वसाधारणच ठेवले: पॉप्युलेशन ६०, त्यातले वरचे १२ जसेच्या तसे पुढच्या पिढीत, ९ अगदी नवे यादृच्छिक, उरलेले ३९ संकरातून. संकरात एक पालक नेहमी वरच्या १२मधला, आणि त्याचा गठ्ठा उचलला जाण्याची शक्यता ०.७. वेगळं म्युटेशन नाही. ते ९ नवखेच म्युटेशनचं काम करतात. पिढ्या १५०.

इथे डोमेनमधली एक चूक सांगायला हवी, कारण ती अल्गोरिदमच्या माथी मारली गेली असती. पायहॉपसारखा प्लॅनर कामं ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने फोडतो. सुरुवातीच्या डोमेनमध्ये 'गाडी भर' आधी होतं आणि 'फेरी मार' नंतर. ऐकायला बरोबरच. पण टेम्पोत शेवटच्या दुकानाचे क्रेट आधी चढतात आणि पहिल्या दुकानाचे सगळ्यात शेवटी, फाळक्याशी. भरण्याची फोड होताना फेरीचा क्रम ठरलेलाच नसेल, तर क्रेट कसेतरी रचले जातात आणि ऐरोलीत उतरवायचा फ्लॉवर काढायला कासारवडवलीची गवार आधी रस्त्यावर ठेवावी लागते. प्लॅनरने हे प्रामाणिकपणे 'उतरव, परत चढव' असं लिहून दिलं आणि प्रत्येक थांब्याला वेळ वाढली. उत्क्रांतीने यावर शोधलेला तोडगा म्हणजे गाडीत दोनच दुकानांचा माल भरायचा! फेरीचा क्रम वरच्या मेथडमध्येच ठरवून तो भरण्याला आणि फेरीला दोघांनाही दिला, तेव्हा हे मिटलं. फोडीच्या झाडात जो निर्णय दोन फांद्यांना लागतो, तो त्या दोघींच्या वरच्या गाठीतच घ्यावा लागतो.

प्लॅनरच्या माघारीचाही बंदोबस्त करावा लागतो. गुणसूत्राने सांगितलेली वाट अडली की प्लॅनर मागे येऊन दुसरी बघतो. गाडीची क्षमता ३६ क्रेट धरली होती. भरलेल्या गाडीची आवड वारंवार नाकारली जाते आणि कधीकधी एकाच गुणसूत्रावर प्लॅनर तासन्‌तास मागेपुढे करत बसतो. सर्वसाधारण एचटीएनमध्ये योजना अस्तित्वात आहे का, हा प्रश्न अनिर्णेय आहे, म्हणजे दरवेळी हमखास हो-नाही सांगेल अशी पद्धतच असू शकत नाही, हे १९९०च्या दशकातच सिद्ध झालंय. तेव्हा 'संपेल कधीतरी' या भरवशावर राहू नये. एका फोडीला झाडातल्या २,००० गाठींची मर्यादा घातली. मेथड स्वतःलाच पुन्हा बोलावत असेल, जशी 'उरलेल्या मालासाठी आणखी एक फेरी', तर खोलीवरही वेगळी मर्यादा हवी, नाहीतर पायथनची रिकर्शनची नेहमीची १,०००ची मर्यादा आधी आडवी येते आणि सगळा प्रयोग मध्येच पडतो.

माघार घेऊन सापडलेली योजना गुणसूत्राच्या मूळ इच्छेपेक्षा वेगळी असते. मग जे खरोखर घडलं ते गुणसूत्रात परत लिहायचं का? दरवेळी लिहिलं तर पॉप्युलेशन लवकर एकसारखी होते. कधीच लिहिलं नाही तर प्रत्येक पिढी त्याच भिंतीवर डोकं आपटते. पाचातल्या एका वेळी लिहायचं, या तडजोडीवर आम्ही थांबलो.

मर्यादा संपून योजना अर्धवट राहिली तर पायहॉप नुसतं 'नाही' म्हणतो. उत्क्रांतीला 'नाही'चा उपयोग शून्य. सगळे नापास, मग निवडायचं कोणाला? शोधात सर्वांत पुढे कुठवर पोचलो होतो ते साठवून ठेवायला कोडमध्ये चार ओळी घातल्या आणि किती दुकानं भागली हा गुणांचा पहिला निकष केला. दुसरा निकष उशीर, तिसरा किलोमीटर. वजनं लावून बेरीज न करता पायरीने तुलना: दुकानं समान असतील तरच उशीर बघायचा, उशीर समान असेल तरच किलोमीटर. उशीर मिनिटांत मोजला तर दोन योजनांचा उशीर सहसा तंतोतंत सारखा येत नाही आणि किलोमीटरपर्यंत पाळीच येत नाही, म्हणून तुलनेआधी त्याचे ढोबळ टप्पे पाडावे. उशीर आणि किलोमीटर यांतला सौदा मालकाच्या डोळ्यांसमोर ठेवायचा असेल तर एनएसजीए-२ हा अनेक निकष एकाच वेळी सांभाळणारा उत्क्रांती अल्गोरिदम वापरावा. कल्याणमय देब आणि सहकाऱ्यांनी तो आयआयटी कानपूरमध्ये बांधला आणि २००२ साली प्रसिद्ध केला.

उशिराची नुसती बेरीज घेतली की एक अन्याय दिसतो. सगळा उशीर एकट्या कासारवडवलीच्या गळ्यात पडतो. घोडबंदर रोडच्या टोकाचं दुकान, तिथे उशीर एवीतेवी होणारच, मग होऊ दे अजून. एका दुकानाला ६० मिनिटं किंवा सहा दुकानांना १०-१० मिनिटं, बेरीज ६०च. वर्ग करून बेरीज घेतली की पहिलीचे ३,६०० होतात आणि दुसरीचे ६००. हा एक बदल केला आणि टोकाच्या दुकानदाराची तक्रार मॉडेलमध्येच ऐकली गेली.

प्रवासाच्या वेळांसाठी २४ दुकानं, मार्केट आणि माजिवड्याचा गाळा अशा २६ ठिकाणांचा तक्ता लागला. जाण्याची आणि येण्याची वेळ वेगळी धरली, म्हणून ६५० नोंदी, आणि त्याही सकाळी ६च्या आधीच्या व नंतरच्या अशा दोन संचांत. एकाच तक्त्यावर उत्क्रांती चालवली तर ती तो तक्ता पाठ करते. दिघा-विटावामार्गे कळव्यात शिरणं कोरड्या दिवशी ठीक. पावसात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी भरलं की ऐरोलीचा पूल ओलांडून मुलुंडमार्गे पूर्व द्रुतगती महामार्ग गाठावा लागतो. पाच वेगवेगळ्या दिवसांचे तक्ते घेतले, त्यातले दोन पावसाळी, आणि प्रत्येक गुणसूत्र पाचही दिवसांवर तपासलं. एका पिढीतल्या सर्वांना तेच पाच तक्ते द्यायचे, नाहीतर चांगलं गुणसूत्र आणि नशीबवान गुणसूत्र यांत फरक कळत नाही. शेवटची परीक्षा न दाखवलेल्या दिवसांवर.

वेगाचं गणित. ६० गुणिले १५० म्हणजे ९,०००. पाच दिवसांचे मिळून ४५,००० फोडी. एका फोडीला ०.४ सेकंद लागत असेल तर पाच तास. कोडचा कोणता भाग किती वेळ खातो हे मोजणारा प्रोफायलर लावल्यावर दिसतं की वेळ नियोजनात जातच नाही. पायहॉप प्रत्येक ऑपरेटरला अख्ख्या स्थितीची खोल नक्कल करतो, तिथे जातो. दुकानांच्या मागण्या आणि प्रवासाचा तक्ता कधी बदलत नाहीत, तरी त्यांचीही नक्कल होते. न बदलणारं सगळं स्थितीबाहेर काढलं, गाडी-माल-घड्याळ एवढंच आत ठेवलं आणि खोल नकलेऐवजी एका थराची नक्कल केली, तर फोड ०.०३ सेकंदांवर येते. मग ४५,००० फोडींना साडेबावीस मिनिटं पुरतात, आणि चार प्रोसेसवर वाटल्या तर सहा-सात.

प्रोसेसवर वाटताना एक बग भेटतो, तो ओळखायला वेळ लागतो. तेच गुणसूत्र, तरी दर वेळी वेगळे गुण. जनुकाचं स्थान शोधायला कामाच्या नावावर पायथनचं अंगभूत हॅश फंक्शन, म्हणजे नावावरून एक आकडा काढणारं फंक्शन, लावलं होतं. अक्षरमालेचा हॅश प्रत्येक नव्या प्रोसेसमध्ये वेगळा येतो, म्हणून एकीत मानपाड्याचा अपूर्णांक दुसरीत नौपाड्याला मिळाला. लिनक्सवर फोर्क केलेल्या, म्हणजे मूळ प्रोसेसची नक्कल करून बनवलेल्या, प्रोसेस हॅशचं तेच बीज (सुरुवातीचा आकडा) घेऊन येतात, म्हणून तिथे हे लपतं. विंडोज आणि मॅकवर उघडं पडतं. नाव ते स्थान असा ठरलेला कोश आधीच बनवून सगळीकडे वाटावा. प्लॅनरमध्ये नावांच्या 'सेट'वरून फिरणारी आवर्तनंही शोधून काढावीत, त्यांचा क्रमही असाच डळमळतो. प्रयोग सुरू करण्याआधी एकच गुणसूत्र दहा वेळा वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये तपासून दहाही गुण अंकाअंकाने जुळतात का, हे बघणं सक्तीचं केलं.

उत्क्रांतीचा उपयोग झाला असं कधी म्हणायचं? तुलनेला दोन गोष्टी ठेवल्या: तितक्याच फोडींचा यादृच्छिक शोध, आणि मार्केटची नस माहीत असलेल्या माणसाने हाताने लावलेला मेथडचा क्रम. दोन्हींविरुद्ध यादृच्छिक आकड्यांच्या ३० वेगवेगळ्या बीजांनी चालवून मध्यक बघायचा. सर्वोत्तम एक आकडा दाखवणं म्हणजे डोळ्यांत धूळ. रांगेचं गुणसूत्र यादृच्छिक शोधाला हरवू शकलं नाही. नावाचं गुणसूत्र जिंकलं, पण हाताने लावलेल्या क्रमापुढे त्याला निम्म्याहून जास्त पिढ्या धाप लागली. मग तो हाताचा क्रमच पहिल्या पॉप्युलेशनमध्ये एक गुणसूत्र म्हणून पेरला. एकच पेरावं, दहा पेरले तर शोध तिथेच रुतून बसतो.

मेथडच्या अटीच जेनेटिक प्रोग्रॅमिंगने, म्हणजे झाडाच्या रूपात मांडलेले नियमच उत्क्रांत करण्याच्या पद्धतीने, घडवून पाहिल्या. झाडं फुगत गेली. उंचीची १७ची नेहमीची मर्यादा घालूनही 'घड्याळ ४च्या पुढे आणि घड्याळ ४च्या पुढे' असली निरर्थक पुनरुक्ती साचली. टेम्पोवाल्याला समजावून सांगता येईल असं त्यातून काही निघालं नाही. ते काम बाजूला ठेवलं.

नावाच्या जनुकांचा सगळ्यात मोठा फायदा पहाटे दिसतो. ४ वाजता एक गाडी घणसोलीत बंद पडते, किंवा एखादं दुकान सुट्टी टाकतं. पोचलेला माल आणि रस्त्यात असलेल्या गाड्या जशा आहेत तशा सुरुवातीची स्थिती म्हणून भरायच्या, बंद गाडीचे २४ अपूर्णांक शून्य करायचे आणि रात्रीचे वरचे १२ घेऊन त्या दिवसाच्या एकाच तक्त्यावर २० पिढ्या चालवायच्या. १,२०० फोडी, एका प्रोसेसवर ३६ सेकंद. ऐनवेळी नवं दुकान वाढलं तर त्याचे ८ अपूर्णांक यादृच्छिक टाकायचे. बाकीच्या १९२ना हात लावावा लागत नाही. बंद गाडीतला माल मात्र वेगळा हाताळावा लागतो. तो कोणाच्याच पसंतीत नसतो, म्हणून 'रस्त्यातून माल उचल' अशी चौथी मेथड डोमेनमध्ये आधीपासून लिहिलेली हवी, नाहीतर प्लॅनर घणसोलीत अडकलेली कोथिंबीर तिथेच सोडून वाशीहून नवी आणायला निघतो.